काठमांडू पहिल्यांदाच: पहिले दोन दिवस कसे लावावेत?

घाटमाथा (धागाकर्ता)

दिवाळीच्या सुट्टीत काठमांडूला चार रात्री राहायचं घाटतंय. आम्ही दोघं, मुलगा (१२), बाबा (६८) आणि आई (६३). मुंबईहून विमानाने जाणार, हॉटेल थामेल या पर्यटकांच्या भागात बघतोय. पहिल्याच दिवशी गाडी करून पशुपतिनाथ, बौद्धनाथ, स्वयंभूनाथ, काठमांडू दरबार, पाटण आणि जमलं तर भक्तपूर उरकायचं, मग उरलेले दिवस हॉटेलच्या गच्चीवरून हिमालय बघत निवांत, असा बेत आहे. थंड हवेचं ठिकाण असल्याने दगदग जाणवणार नाही असं वाटतं. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

रानवाट

चुका क्रमाने.

काठमांडूची उंची साधारण १,४०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या (१,३५३ मीटर) आसपास. उंचीचा त्रास आई-बाबांना होणार नाही, पण हे थंड हवेचं ठिकाणही नाही. चारी बाजूंनी डोंगर, मधे वाडग्यासारखं खोरं आणि त्या वाडग्यात गच्च भरलेलं शहर. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, त्यामुळे धूळ आणि धूर तिथेच साचून राहतात. जानेवारी ते एप्रिल हवा सगळ्यात वाईट. वसंतात भोवतालच्या जंगलांतल्या वणव्यांचा धूरही येतो. दिवाळीच्या सुमारास पाऊस नुकताच सरलेला असतो, हवा त्या मानाने स्वच्छ. तरी धुळीसाठी मास्क जवळ ठेवा.

थामेलमधल्या गच्चीवरून दिसतात त्या शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. हिमशिखरं बघायची तर पहाटे नगरकोट, नाहीतर चंद्रागिरी. ज्येष्ठांना चंद्रागिरी सोपं: थानकोटच्या बाजूने रोपवे आहे, साधारण २,५०० मीटरपर्यंत नेतो, वर भालेश्वर महादेवाचं देऊळ आहे. जितकं लवकर जाल तितकं बरं. दहा-अकरानंतर बहुतेकदा ढग चढतात.

आणि 'उरकायचं' हे क्रियापद घरीच ठेवून या.

कोपरखळी

सहा ठिकाणं एका दिवसात! हे पर्यटन नाही, पंचनामा आहे.

उंबरठा

आधी कागदपत्रं, कारण पहिली अडचण काठमांडूत नाही, मुंबई विमानतळावरच येते.

भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. मात्र विमानाने जाताना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. मधल्या वयाच्या लोकांना नुसतं आधार चालत नाही. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या व्यक्तींना सूट आहे. त्यांना वय आणि ओळख पटवणारं छायाचित्रासहित कागदपत्र पुरतं, त्यात आधार धरतात. म्हणजे तुमच्या घरात बाबा आणि मुलगा आधारवर जाऊ शकतील, पण आईंना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. घरोघरी इथेच घोळ होतो: "दोघेही ज्येष्ठ नागरिक आहेत ना!" आपल्याकडे साठीला ज्येष्ठ होता येतं, हा नियम ६५ चा आहे. मूळ कागद न्या, मोबाइलमधला फोटो धरत नाहीत. विमानाच्या तिकिटावर आणि ओळखपत्रावर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही पाहा.

दोनआणे

पैशांचं मी लिहितो.

दर ठरलेला आहे: १ भारतीय रुपया = १.६० नेपाळी रुपये, १९९३ पासून तोच. त्यामुळे दर चांगला मिळावा म्हणून दहा दुकानं फिरण्यात अर्थ नाही, फक्त बदलून देणारा किती कापतो ते विचारा. बोलताना लोक 'आईसी' आणि 'एनसी' म्हणतात. आईसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. पाट्यांवर कधी 'भारू' आणि 'नेरू'. कुणी "पाचशे" म्हणालं की पहिला प्रश्न: आईसी की एनसी? ५०० आईसी म्हणजे ८०० एनसी. टॅक्सीची आणि फेरीवाल्यांची निम्मी भांडणं या एका प्रश्नाने मिटतात.

नेपाळीचे भारतीय करायला सव्वाकी वापरा: आकडा निम्मा करा आणि सव्वा पट घ्या. ८०० चे निम्मे ४००, त्याचे सव्वा पट ५००. लहानपणी पाठ केलेली सव्वाकी शेवटी परदेशात कामाला आली.

नोटा: भारतीय १०० आणि त्याखालच्या नोटा सर्रास चालतात. त्याहून मोठ्या नोटांवर नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये बंदी घातली होती. पुढे त्यात सवलत देण्याच्या हालचाली झाल्या, म्हणून निघायच्या आठवड्यात ताजा नियम पाहून घ्या. पण नियम काही असो, छोट्या दुकानदाराने पाचशेची नोट घ्यायचं नाकारलं तर वाद घालून उपयोग नाही. शंभराची एक गड्डी न्या.

साखरफुटाणा

यूपीआय चालतं का? पुतण्या म्हणतो चालतं, शेजारी म्हणतात नाही.

दोनआणे

दोघेही बरोबर. मार्च २०२४ पासून नेपाळच्या 'फोनपे' जाळ्यातल्या दुकानांचे क्यूआर भारतीय यूपीआय अ‍ॅपने स्कॅन करता येतात. हे नेपाळचं फोनपे वेगळं आणि आपल्याकडचं वेगळं, उच्चार तेवढा एक. क्यूआर दुकानाच्या नावाचा लागतो. टॅक्सीवाल्याच्या किंवा भाजीवालीच्या खासगी क्यूआरवर पैसे जात नाहीत. अ‍ॅपमधला आंतरराष्ट्रीय पर्याय निघण्याआधी सुरू करा आणि भारतीय सिम फोनमधून काढून टाकू नका. नाहीतर अ‍ॅप पुन्हा पडताळणी मागतं आणि तिथे ती होत नाही. सगळा भार यूपीआयवर टाकू नका. असन बाजारात रोखच बरी.

मेथीकूट

हॉटेल घेताना दोन प्रश्न लेखी विचारा. लिफ्ट आहे का, आणि गरम पाणी कशावर? थामेलच्या गल्ल्यांतली बरीच हॉटेलं चिंचोळ्या जागेवर चार-पाच मजले चढवलेली, लिफ्टशिवाय. गरम पाणी बऱ्याच ठिकाणी सौर बंबावर, म्हणजे ढगाळ दिवशी किंवा वरच्या मजल्यावरच्यांनी आधी अंघोळी केल्या की खालच्यांना कोमट. थंडीत खोली गरम ठेवायची सोय साध्या हॉटेलांत नसते, जास्तीचं पांघरूण मागून घ्यावं लागतं. रस्त्याकडची खोली नको, थामेलमध्ये गाण्याबजावण्याचा आवाज रात्री उशिरापर्यंत असतो.

माझं मत विचाराल तर ज्येष्ठांसह थामेल नकोच. बौद्धला (बौद्धनाथच्या भागाला नुसतं बौद्ध म्हणतात) स्तूपाजवळ राहा. सपाट, मोकळं, संध्याकाळी नुसतं बसलं तरी वेळ जातो आणि पशुपती जेमतेम दोन किलोमीटरवर.

रानवाट

असहमत. बौद्धला राहिलात तर जुनं शहर रोज गाडीने गाठावं लागेल, आणि काठमांडूत सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी चारनंतर गाडी म्हणजे गाडीत बसून राहणं. मग फार तर दोन रात्री इथे, दोन तिथे.

धागाकर्ते, पहिली सकाळ गाडीविना काढा. थामेलच्या दक्षिण टोकाला ठहिटीपाशी साडेसहाला उभे राहा. तिथून दक्षिणेकडे निघालात की आधी काठेसिम्भू, म्हणजे धाकटा स्वयंभू लागतो. चौकात वळल्याशिवाय दिसत नाही, त्यामुळे निम्मे लोक समोरून निघून जातात. पुढे बांगेमुढा. भिंतीशी लाकडाचा एक ओंडका, त्यावर इतकी नाणी खिळ्यांनी ठोकलेली की लाकूड दिसत नाही. हे दातदुखीचं दैवत: नाणं ठोकायचं आणि दुखणं तिथेच सोडायचं. आजूबाजूला दातांच्या डॉक्टरांच्या पाट्या आहेत, म्हणजे कुणीच धोका पत्करत नाही.

मग असन. सहा वाटा एकत्र येतात. भाजी, वाळवलेले मासे, मसाले, पितळी भांडी. इथल्या अन्नपूर्णेच्या देवळात मूर्ती नाही, पूर्ण कलश पुजतात. असनला साडेसात-आठच्या आत पोचायचं. नऊनंतर मोटरसायकली, हातगाड्या आणि भारे वाहणारे लोक एकाच गल्लीत येतात आणि पाय टाकायला जागा राहत नाही. तिथून केल टोल (टोल म्हणजे वस्ती), तिथेच जनबहाल, आत पांढऱ्या मच्छिंद्रनाथाचं देऊळ. नाथपंथ माहीत असलेल्या मराठी माणसाला नाव ओळखीचं वाटेल, पण इथे बौद्ध त्याला करुणामय अवलोकितेश्वर मानतात, एकाच मूर्तीला दोघे हात जोडतात. पुढे इंद्रचोक. तिथल्या गल्लीत पोतं विकणारे बसतात, म्हणजे बारीक काचमण्यांच्या माळा, सौभाग्यलेणं म्हणून घालतात. मग मखन आणि हनुमानढोका दरबार. तिरकी जाणारी ही वाट तिबेटच्या जुन्या व्यापारमार्गाचा तुकडा आहे, म्हणून बाजार तिच्या कडेने वाढला. अंतर फार तर दीड किलोमीटर, वेळ अडीच तास धरा.

मोबाइलचा नकाशा इथे मुख्य रस्त्याने नेतो, चौकांतून आरपार जाणाऱ्या वाटा त्याला कळत नाहीत. 'बहाल' लिहिलेली कमान दिसली की आत डोकवा. जुन्या विहारांची अंगणं आहेत, लोक राहतात, शांतपणे गेलात तर कुणी हटकत नाही.

जुनापाटा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एक भर: रस्त्यात मधेच छोटे चैत्य लागतात, ते आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. बौद्धच्या स्तूपालाही तसंच. संध्याकाळच्या गर्दीत उलट फिरणारा मनुष्य म्हणजे एकेरी रस्त्यात उलटी घुसलेली रिक्षा.

दरबार चौकात तिकीट आहे. सार्क देशांचा दर वेगळा आणि बराच कमी आहे, पण खिडकीवर आपण होऊन सांगायचं आणि ओळखपत्र दाखवायचं. तिकीट शेवटपर्यंत सांभाळा, चौकात मधेच विचारतात. कुमारीघराच्या, म्हणजे जिवंत देवी मानलेल्या मुलीच्या घराच्या, अंगणात जाता येतं. कुमारी खिडकीत आली तर तिचा फोटो काढायचा नाही, हे कडक आहे. काष्ठमंडप, ज्याच्यावरून शहराचं नाव पडलं, तो २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात कोसळला होता. आता जुन्या पद्धतीने पुन्हा उभा आहे, बाहेरून बघून पुढे जाऊ नका, आतले खांब पाहा.

साखरफुटाणा

देवनागरीमुळे पाट्या वाचता येतात म्हणे. मग भाषेचं टेन्शन नाही ना?

खडूफळा

वाचता येतात, कळतीलच असं नाही. :-)

गाड्यांच्या पाट्यांवर अजून पुष्कळ ठिकाणी देवनागरी अंक आहेत, 'बा' म्हणजे बागमती, तिथल्या विभागाचं नाव. खासगी गाडीची पाटी लाल, टॅक्सी आणि बसची काळी. म्हणून "टॅक्सी, टॅक्सी" करत लाल पाटीची गाडी पुढे आली तर बसू नका. नेपाळी वळणात ५, ८, ९ आपल्यापेक्षा वेगळे दिसतात आणि 'झ' शेपूट फुटलेल्या 'भ'सारखा. झोछें (हिप्पींची जुनी गल्ली) शोधताना हमखास फसायला होतं. पाट्यांवर आणि लोकल तिकिटांवर तारखा विक्रम संवताच्या, इसवी सनापेक्षा ५६-५७ वर्षं पुढे. घाबरू नका, वस्तूची मुदत संपायला अजून अर्धं शतक आहे असंही समजू नका.

फसवे शब्द: 'मीठो' म्हणजे चविष्ट, मिठाशी संबंध नाही, मीठ म्हणजे 'नुन'. 'दाइ' म्हणजे मोठा भाऊ, दुकानदाराला, चालकाला बिनदिक्कत म्हणा. बाईंना 'दिदी'. 'पसल' म्हणजे दुकान, 'बाटो' म्हणजे वाट, 'तातो पानी' गरम पाणी, 'ढोका' म्हणजे दार. आणि सगळ्यात उपयोगी: 'पर्दैन', नको. थामेलमध्ये दिवसाला पन्नासदा लागेल. ताटात वाढताना थांबवायला मात्र 'पुग्यो', पुरे.

कोपरखळी

मेनूकार्डावर 'झोल मोमो' वाचून मुंबईकर आधीच सावध होईल. मोमोत झोल आहे हे स्वतःच छापतायत!

मेथीकूट

झोल म्हणजे पातळ रस्सा, तीळ-टोमॅटोचा. प्लेटीत साधारण दहा मोमो. शाकाहारींनी नीट ऐका: नुसतं 'मोमो' म्हटलं तर बहुतेक ठिकाणी बफ येतो, म्हणजे म्हशीचं मांस. 'भेज' असं स्पष्ट म्हणा आणि भांडं, तेल वेगळं आहे का विचारा. छोट्या ठिकाणी एकाच उकडपात्राच्या वेगवेगळ्या थरांत सगळं शिजतं आणि वरच्या थरातलं पाणी खाली ठिबकतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी फक्त शाकाहारी पाटी असलेलं ठिकाण गाठावं.

थकाली थाळी आई-बाबांना झेपेल: भात, काळी डाळ, साग, बटाट्याची भाजी, गुन्द्रुक (आंबवून वाळवलेला पाला), लोणचं. डाळ, भात, भाजी पुन्हा वाढतात, मांसाचा पदार्थ वाढत नाहीत. नेवारी खाजा (खोऱ्यातल्या नेवार लोकांचा फराळ) मागवलात तर चिउरा येईल. ते आपले पोहेच, पण फोडणी नाही, भिजवणं नाही, कोरडे. सोबत भाजलेलं सोयाबीन आणि तिखट बटाटा. फोडणी शोधू नका, तोंडात एक घास चिउरा, एक घास बटाटा असं खायचं. मोठ्या हॉटेलांत बिलावर १३ टक्के व्हॅट चढतो, मेनूतला दर त्यासकट आहे का ते आधी पाहा. नळाचं पाणी पिऊ नये, दात घासायलाही बाटलीचंच.

उंबरठा

पशुपतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

सकाळी लवकर जा; दुपारी गाभारा बंद असतो. चामड्याच्या वस्तू आत चालत नाहीत: पट्टा, पाकीट, पर्सचा बंद सगळंच. रेक्झिनचं आहे हे पहारेकऱ्याला पटवत बसण्यापेक्षा कापडी पिशवी न्या. मुख्य आवारात फोटो काढायचे नाहीत. लिंगाला चार दिशांना चार मुखं आणि चार दारं. पहिल्या दाराशी गर्दी तुंबते, पुढच्या दारांशी कमी असते, दर्शन चारही बाजूंनी होतं. पूजा करणारे भट्ट दक्षिण भारतीय, मुख्यतः कर्नाटकातले.

श्रावणी सोमवार गाठणार असाल तर आपलं कॅलेंडर उपयोगाचं नाही. तिथला श्रावण सौर, जुलैच्या मध्यात सुरू होतो. आपला अमान्त श्रावण पुष्कळदा त्यानंतर.

बागमतीच्या काठी आर्यघाटावर दहन चालू असतं, समोरच्या पायऱ्यांवरून अगदी जवळून दिसतं. बारा वर्षांच्या मुलाला आधी सांगून ठेवा, आणि तिकडे कॅमेरा रोखू नका. संध्याकाळची आरती त्याच घाटांवर. भस्म लावलेल्या साधूंचा फोटो घेतलात की पैसे द्यावे लागतात. आपणहून टिळा लावायला येणाऱ्याचंही तेच, कपाळ पुढे करायच्या आधी ठरवा.

जुनापाटा

थामेलची एक जुनी युक्तीही लिहून ठेवतो. कडेवर मूल घेतलेली बाई किंवा लहान मुलगा पैसे मागत नाही, "फक्त दुधाची पावडर घेऊन द्या" म्हणतो आणि ठरलेल्या दुकानात नेतो. डबा महाग असतो, तुम्ही वळलात की परत जातो. पैसे दोघांत वाटले जातात. 'पर्दैन'.

घाटमाथा (धागाकर्ता)

दंडवत! बेत मोडून पुन्हा बांधला. पहिली सकाळ असनची पायवाट, दुपारी आराम, संध्याकाळी बौद्ध. दुसरा दिवस सकाळी पशुपती, दुपारनंतर पाटण. तिसरा पूर्ण दिवस भक्तपूर, भाऊबीज त्याच दिवशी येते. चौथ्या पहाटे चंद्रागिरी. स्वयंभूच्या पायऱ्यांचं काय करावं? आणि टॅक्सी मीटरने जातात का?

रानवाट

भाऊबीज! थांबा. त्या दिवशी तिकडे भाइटीका, तिहारचा (तिकडच्या दिवाळीचा) शेवटचा आणि घरातला मोठा दिवस. दुकानं बंद, बस तुरळक, टॅक्सी मिळाली तर तोंडाला येईल तो भाव. भक्तपूर अलीकडे ओढा आणि भाइटीकाला हॉटेलपासून पायी जाता येईल एवढंच ठेवा. तिहार मात्र चुकवू नका: आधी कावळ्यांचा दिवस, मग कुत्र्यांचा (रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा आणि कपाळावर टिळा, मुलगा खूश होईल), मग लक्ष्मीपूजन. त्या रात्री असन, इंद्रचोक दिव्यांनी भरलेलं असतं. उलट दशैंला, म्हणजे आपल्या दसऱ्याच्या सुमारास, शहर गावी निघून जातं आणि काठमांडू रिकामं पडतं.

स्वयंभूला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या, शेवटच्या उभ्या. टॅक्सीला पश्चिमेच्या बाजूने वर न्यायला सांगा, थोड्याच पायऱ्या उरतात. प्रसादाची पिशवी हातात लोंबती नको, माकडं सराईत आहेत.

खडूफळा

मीटर असतो, चालू होईल यावर विसंबू नका. पठाओ किंवा इनड्राइव्ह अ‍ॅपवर भाडं पाहा, मग रस्त्यावरच्या टॅक्सीशी बोला, आकडा हातात असला की घासाघीस लवकर संपते. चालक फोन करून "कुन चोक?" (कुठला चौक?) विचारतो, म्हणून नेपाळी सिम हवं (नेपाळ टेलिकॉम किंवा एनसेल). ओळखपत्र आणि एक पासपोर्ट आकाराचा फोटो जवळ ठेवा. पत्ता घरक्रमांकाने सांगू नका, जवळचा चौक किंवा देऊळ सांगा. पोरं एकटीच असतील तर बस: भक्तपूरला जाणाऱ्या बागबजारहून सुटतात, पाटणला (लगनखेल) आणि बौद्धकडे जाणाऱ्या रत्नपार्कहून. उतरायचं झालं की "रोक्नुस्" ओरडायचं.

हॉर्न फारसे ऐकू येणार नाहीत, एप्रिल २०१७ पासून खोऱ्यात विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. त्यामुळे मागून मोटरसायकल येतेय हे कळत नाही, गल्लीत मुलाचा हात धरा.

साखरफुटाणा

आमच्याकडे दत्ताची उपासना आहे. भक्तपूरला दत्तमंदिर आहे असं ऐकलं.

जुनापाटा

आहे. न्यातपोलच्या (१७०२ सालचं, पाच छपरांचं देऊळ) तौमढी चौकातून पूर्वेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की ताचपाल टोल, तिथे दत्तात्रेय. एकाच झाडाच्या लाकडातून बांधलं अशी आख्यायिका, काळ पंधराव्या शतकाचा. समोर खांबावर गरुड. शेजारच्या गल्लीत मोराची लाकडी खिडकी आहे, मान वर केली नाही तर निसटते. बहुतेक गाड्या पर्यटकांना पश्चिमेच्या दाराशी सोडून तिथूनच परत घेतात, म्हणून हा भाग राहून जातो. चालकाला पूर्वेकडे न्यायला यायला सांगा, आई-बाबांची परतीची चाल वाचेल.

मेथीकूट

आणि भक्तपूरला जुजु धौ! मातीच्या कुल्हडात लावलेलं घट्ट गोड दही. तिथेच खा.

कोपरखळी

चार कुल्हडं मुंबईला आणता येतील का?

उंबरठा

हातातल्या सामानात दही द्रवात धरतात, तपासणीला काढून घेतील. मोठ्या बॅगेत टाकलंत तर मुंबईत बॅगच खावी लागेल.

दोनआणे

नेपाळी नोटा परतण्याआधी तिथेच बदला, इकडे कुणी घेत नाही. आणि घड्याळ: नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. हातावरचं घड्याळ भारतीय वेळेवर राहिलं की परतीच्या विमानाला त्या १५ मिनिटांचा फटका बसतो.